उपाशी ठेवूनही रूपचंदच्या पोटातली चरबी का उतरत नाही?

शिरोळ तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. शेततळ्यात रूपचंद आणि रोहू हे मासे सोडलेत. खायला मक्याचा भरडा, भाताचा कोंडा आणि जवळच्या हॉटेलांतला उरलेला भात. मासे किलोभराचे झाले, पण कोल्हापुरात विकायला नेले की गिऱ्हाईक कुरकुरतं, साफ केल्यावर हातात कमी येतं म्हणतं. घरी एक रूपचंद चिरून पाहिला तर पोटातून 50 ग्रॅम पांढरी चरबी निघाली. कुणीतरी सांगितलं म्हणून डिसेंबरात आठ दिवस खाद्य बंद ठेवलं. वजन फारसं घटलं नाही आणि चरबीही होती तशीच. हा रोग आहे का? चरबी उतरवायचं औषध मिळतं का? आणि पोटात एवढा साठा असताना मासा तो वापरत का नाही?

आधी धीर देतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा रोग वाटत नाही. तुमचा मासा चरबी वापरतोय, पण त्याला लागते फार थोडी. तेव्हा चरबी उतरवायची कशी हा प्रश्न बाजूला ठेवा. ती एवढी साठली का, हे शोधायला हवं. खाद्यातली जी ऊर्जा मांसात जायला हवी होती ती पोटात का गेली, याचं उत्तर मिळालं की पुढचा मार्ग तुम्हालाच दिसेल.

माशाची चरबी म्हणजे नुसता तेलाचा गोळा नव्हे. तिच्यात पेशी असतात. पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर प्रत्येक पेशीत तेलाचा एकच मोठा थेंब दिसतो. थेंबाने सगळी जागा व्यापलेली असते आणि पेशीचं केंद्रक अंगठीतल्या खड्यासारखं एका कडेला ढकललेलं असतं. थेंबातलं तेल म्हणजे ट्रायग्लिसराइड, म्हणजे ग्लिसरॉलच्या एका रेणूला जोडलेली तीन मेदाम्लं. निसर्गाने साठवणीला हाच पदार्थ निवडला, कारण एका ग्रॅम चरबीत सुमारे 9 किलोकॅलरी मावतात, तर पिष्ट किंवा प्रथिनात 4 च्या आसपास. शिवाय चरबीला सोबत पाणी धरून ठेवावं लागत नाही, त्यामुळे थोड्या जागेत भरपूर साठा होतो.

हे तेल पेशीत दोन वाटांनी येतं आणि तुमच्या तळ्यात दोन्ही वाटा उघड्या आहेत.

पहिली वाट खाद्यातल्या तेलाची. कोंड्यातलं तेल, हॉटेलच्या भातासोबत आलेला रस्सा, त्यावरचा कट, हे सगळं आतड्यात पित्त आणि लायपेज नावाच्या विकरामुळे फुटतं. आतड्याच्या पेशी त्याचे पुन्हा बारीक गोळे बांधून रक्तात सोडतात. चरबीच्या पेशींजवळच्या केशवाहिन्यांच्या भिंतीला लायपोप्रोटीन लायपेज हे दुसरं विकर चिकटलेलं असतं. ते या गोळ्यांतली मेदाम्लं सुटी करतं, पेशी ती आत ओढते आणि पुन्हा ट्रायग्लिसराइड बांधून थेंबात टाकते. तेलात फारसा बदल होत नाही. मासा ज्या प्रकारचं तेल खातो, बऱ्याच अंशी त्याच प्रकारची चरबी त्याच्या अंगावर चढते. पामतेलातल्या तळणीवर वाढलेल्या माशाची चरबी आणि तळ्यातल्या शेवाळ-प्लवंगावर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर) वाढलेल्या माशाची चरबी म्हणूनच सारखी नसते.

दुसरी वाट पिष्टाची. मका आणि भात यांत प्रामुख्याने पिष्ट. रोहू आणि रूपचंद ते बऱ्यापैकी पचवतात. नुसतं मांस खाणाऱ्या माशांना ते तितकं जमत नाही. पचल्यावर तयार झालेली साखर थोडी यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून राहते, पण ती जागा लवकर भरते. उरलेल्या साखरेपासून यकृत मेदाम्लं तयार करतं. इथे माशात आणि काही सस्तन प्राण्यांत फरक आहे. माशात साखरेची चरबी करण्याचं काम मुख्यतः यकृतात चालतं. चरबीची पेशी तयार माल आत घेते, स्वतः फारसा बनवत नाही. म्हणून पिष्टाचा मारा झाला की पोटातल्या चरबीच्या आधी यकृत बिघडतं. निरोगी यकृत तांबूस-तपकिरी आणि घट्ट असतं. चरबीने लादलेलं यकृत फिकट पिवळसर, ठिसूळ आणि बोटाला तेलकट लागतं. रोहूचं यकृत आतड्याच्या वेटोळ्यांत पसरलेलं असतं, त्यामुळे पहिल्यांदा चिरणाऱ्याला ते ओळखू येत नाही. रूपचंदमध्ये मात्र लगेच दिसतं.

भरण्याचा हुकूम मुख्यतः इन्सुलिन देतं. खाल्ल्यावर ते वाढतं, पेशीचं दार उघडतं आणि आतली चरबी बाहेर पडणं थांबवतं. माशांच्या बाबतीत विशेष असं की इन्सुलिनला साखरेपेक्षा प्रथिनांतली अमिनो आम्लं जास्त चेतवतात. त्यामुळे माशाचा मधुमेह, माशाची शुगर अशी माणसावरून उचललेली गणितं इथे लावू नयेत.

आता बाहेर पडण्याचं. पोट रिकामं झालं की इन्सुलिन उतरतं. ग्लुकॅगॉन, वाढीचं संप्रेरक आणि ताणाच्या वेळी स्रवणारी ॲड्रिनॅलिनसारखी संप्रेरकं यांचा जोर वाढतो. तेलाच्या थेंबावर पेरिलिपिन नावाच्या प्रथिनांचा थर असतो आणि एरवी तो विकरांना थेंबाला हात लावू देत नाही. हुकूम आला की थर सैल होतो. मग एटीजीएल हे विकर पहिलं मेदाम्ल तोडतं, एचएसएल दुसरं आणि आणखी एक विकर तिसरं. सुटी मेदाम्लं रक्तातल्या प्रथिनांना धरून हृदयाकडे आणि लाल स्नायूंकडे जातात. उरलेलं ग्लिसरॉल यकृतात जाऊन गरजेपुरती साखर बनवायला कामी येतं. रोहूची तुकडी कापताना कातडीखाली, कुशीच्या मधोमध गडद लालसर मांसाची पट्टी दिसते. दिवसभर संथ पोहण्याचं काम ती करते आणि तिचं मुख्य इंधन चरबी. बाकीचं पांढरं मांस झटक्यात उसळी मारायला असतं, ते साठवलेल्या ग्लायकोजेनवर चालतं. जाळ्यात तडफडणारा मासा म्हणूनच चरबी जाळत नसतो.

भरणं आणि रिकामं होणं या गोष्टी पाळीपाळीने होतात असं समजू नका. पेशीत दोन्ही एकाच वेळी चालू असतात. दिवसाअखेर जास्त काय झालं, तेवढाच फरक तुम्हाला सुरीखाली दिसतो.

आता तुमच्या आठ दिवसांकडे येतो. मासा थंड रक्ताचा. अंग गरम ठेवायला त्याला काही खर्च नाही. पाणी त्याचा भार उचलतं. प्रथिनं फुटून तयार झालेला अमोनिया तो कल्ल्यांतून थेट पाण्यात सोडून देतो. आपल्या शरीराला त्याचा युरिया करावा लागतो, त्यालाही ऊर्जा लागते. या सगळ्यामुळे किलोभराच्या उपाशी माशाचा रोजचा खर्च फार तर एक ग्रॅम चरबीएवढा. हा ढोबळ हिशेब आहे, जात आणि तापमानाप्रमाणे तो बदलेल. तुमच्या माशात 50 ग्रॅम होती. आठ दिवसांत आठेक ग्रॅम गेली असं धरलं, तरी तेवढा फरक डोळ्याला दिसत नाही, वेगवेगळे मासे चिरले असतील तर मुळीच नाही. शिवाय सुरुवातीच्या दिवसांत मासा यकृतातलं ग्लायकोजेन आणि चरबी वापरतो, पोटातल्या चरबीवर जोर नंतर येतो.

आणि महिना तुम्ही डिसेंबर निवडलात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तळ्याचं पाणी चांगलंच थंड होतं. पाण्याचं तापमान 10 अंशांनी उतरलं की माशाचा खर्च साधारण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. थंडीत उपास घालणं म्हणजे खर्चच नसताना साठा संपायची वाट बघणं. उन्हाळ्यात हाच प्रयोग केला असता तर थोडं जास्त दिसलं असतं, पण तेव्हा वाढीचे दिवस वाया गेले असते. वाढीचा एक आठवडा बुडवणं मला त्याहून महाग वाटतं.

वजन का घटलं नाही, याचं कारण वेगळं आहे. माशाच्या शरीरात पाणी आणि चरबी यांचं प्रमाण उलटं चालतं. बऱ्याच माशांच्या मांसात दोन्हींची बेरीज 80 टक्क्यांच्या आसपास राहते. चरबी उतरली की तिच्या जागी पाणी येतं. काटा तेच वजन दाखवतो आणि मांस मात्र पाणचट होतं. लांबलेल्या उपासात मासा प्रथिनंही जाळायला लागतो, म्हणजे जे विकायचं तेच. म्हणून चरबी उतरवण्यासाठी मासे उपाशी ठेवायला मी कुणालाच सांगत नाही. विक्रीआधी एक दिवस खाद्य बंद ठेवायचं ते आतडं रिकामं व्हावं, वाहतुकीत पाणी घाण होऊ नये म्हणून. तेवढं जरूर करा.

उपास खरंच पाळला गेला का, हे तपासायची सोपी खूण सांगतो. मासा चिरला की पित्ताशय बघा. खाल्लेल्या माशाचं पित्ताशय लहान, ढिलं. काही दिवस न खाल्लेल्याचं टम्म फुगलेलं, गडद हिरवं. तुम्ही वरून खाद्य बंद केलंत तरी तळ्यात प्लवंग, शेवाळ, तळाचा गाळ आहेच. रोहूला तेवढं बास होतं. पित्ताशय छोटं दिसलं तर समजा, मासा उपाशी नव्हताच.

आता रूपचंदविषयी थोडं जास्त सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांचा. तिथे पुराचं पाणी जंगलात शिरतं, तेव्हा हे मासे झाडांखाली पोहत जाऊन पाण्यात पडलेली फळं आणि बिया खातात. त्यांचे दणकट दात त्यासाठीच असतात. काही महिने चंगळ. पूर ओसरला की नदीच्या पात्रात परत आणि खाण्याची ओढाताण. मधले दिवस निघतात ते पोटात साठवलेल्या चरबीवर. लाखो वर्षं त्याच्या शरीराने हेच केलंय, सुगीत भरायचं आणि टंचाईत वापरायचं. तुमच्या तळ्यात सुगी बारा महिने आहे, टंचाई येतच नाही. आठ दिवसांच्या उपासाने त्याला काहीच वाटलं नसेल. त्याचं शरीर तर महिन्यांच्या तयारीने साठवतं.

ओघात एक विनंती. रूपचंद परदेशी आहे. शिरोळमध्ये पुराचं पाणी कुठवर येतं हे 2019 आणि 2021 मध्ये सगळ्यांनी पाहिलंय. तळं पुराच्या रेषेत असेल तर पावसाळ्याआधी मासे काढून विका. ते पंचगंगेत किंवा कृष्णेत गेले तर इथल्या देशी माशांचं नुकसान होईल आणि ते भरून काढणं कुणाच्याच हातात राहणार नाही.

प्रत्येक मासा पोटातच साठवतो असंही नाही. तारली आणि बांगड्याचं तेल मांसातच असतं, म्हणून तारली तव्यावर टाकली की स्वतःच्या तेलात भाजते. मुशीचं तेल यकृतात. बोंबलात चरबी नावाला, बाकी पाणीच. पावसाळ्यानंतर चांगलं खाऊन आलेल्या तारलीतलं तेल हीच तिची किंमत, आणि खाणाऱ्याच्या दृष्टीनेही ते तेल चांगलं. चरबी मुळात वाईट नाही. तुमच्या रूपचंदची चरबी तोट्याची ठरते ती एवढ्यासाठीच की ती मांसात न जाता आतड्याभोवती साठते आणि गिऱ्हाईक ती फेकून देतं.

मग ती साठली का? मक्यात प्रथिनं 9 टक्क्यांच्या आसपास. भातात त्याहून कमी. वाढत्या रूपचंदला आणि रोहूला खाद्यात साधारण 25 ते 30 टक्के प्रथिनं लागतात. मांस बांधायला अमिनो आम्लंच हवीत, पिष्टाचं मांस होत नाही. मासा पोटभर खातो, ऊर्जा हवी त्याहून जास्त मिळते, पण मांसाचा कच्चा माल कमी पडतो. उरलेली ऊर्जा जाणार कुठे? यकृतातून चरबीच्या पेशीत. तुमचा मासा एकाच वेळी जास्तही खातोय आणि उपाशीही आहे, प्रथिनांच्या बाबतीत. वजन वाढलेलं दिसतं, म्हणून ही उपासमार लक्षात येत नाही.

याच्या जोडीला प्राणवायू. एक ग्रॅम चरबी पूर्ण जाळायला सुमारे तीन ग्रॅम ऑक्सिजन लागतो. 25 अंशांच्या लिटरभर पाण्यात पूर्ण भरला तरी 8 मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन मावतो. म्हणजे एका ग्रॅमसाठी साडेतीनशे लिटरहून जास्त पाण्यातला सगळा ऑक्सिजन. गर्द हिरव्या तळ्यात पहाटे ऑक्सिजन अगदी कमी होतो, मासे वर येऊन तोंड मारतात. अशा तळ्यात मासा अंगावर घेतलेलं जाळायला धजत नाही, हालचाल कमी करतो. पहाटे एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालवला तर मासा नीट खातो आणि खाल्लेलं मांसात जायला मदत होते. हॉटेलचं उरलंसुरलं टाकल्याने पाणी आणखी बिघडतं, हेही विसरू नका.

औषधाचं विचारलंत. बाजारात यकृतासाठी द्रव औषधं मिळतात आणि त्यांतल्या बऱ्याचशांत कोलीन हा पोषक घटक असतो. खाद्यात कोलीन कमी असेल तर यकृत चरबी बाहेर पाठवू शकत नाही, तिथेच अडकते. अशा वेळी त्याचा खरा उपयोग होतो. पण तुमच्याकडे मुळातच जास्तीची ऊर्जा आत येतेय. कोलीनने ती यकृतातून निघून पोटात जाईल, शरीरातून जाणार नाही. तेच पैसे पेंडीवर खर्च करा.

मी तुमच्या जागी असतो तर हॉटेलचा माल आजपासून बंद केला असता, पूर्ण. मक्याचा भरडा निम्म्याहून कमी करून शेंगपेंड किंवा सोयापेंड वाढवली असती. घाण्याची शेंगपेंड वापरणार असाल तर तिच्यात तेल जास्त राहतं हे लक्षात ठेवा, आणि बुरशीचा वास आला तर ती जनावरालाही घालू नका, माशालाही नको. कोंडा तेल काढलेला घ्या. गिरणीतून आणलेला साधा कोंडा काही दिवसांतच खवट होतो, आणि खवट तेल माशातलं ई जीवनसत्त्व संपवतं. खर्च परवडत असेल तर 28 टक्के प्रथिनांचं तरंगतं खाद्य घ्या, पण पिशवीवर चरबीचं प्रमाणही वाचा. या माशांना 4 ते 6 टक्के पुष्कळ झाली. रोजचं खाद्य उन्हाच्या दिवसांत माशांच्या एकूण वजनाच्या 2 टक्क्यांपर्यंत, थंडीत 1 टक्का किंवा त्याहून कमी, ढगाळ दिवशी बंद. खाद्य तासाभरात संपत नसेल तर तुम्ही जास्त टाकताय.

आधीच साठलेली चरबी लगेच जाणार नाही, ते मान्य करावं लागेल. पेशी एकदा तयार झाल्या की रिकाम्या होऊन लहान होतात, पण त्या सहसा नाहीशा होत नाहीत. प्रथिनं पुरेशी मिळायला लागली की मासा वाढतो आणि शरीराच्या मानाने चरबीचा वाटा उतरतो. किलोच्या माशात 50 ग्रॅम म्हणजे 5 टक्के. तोच मासा चांगल्या खाद्यावर दीड किलोचा झाला आणि चरबी तेवढीच राहिली, तर वाटा साडेतीन टक्क्यांच्या खाली येतो. गिऱ्हाईकाच्या हाताला तेवढा फरक कळतो. तुमच्या तळ्यात याला किती वेळ लागेल ते दाटी, पाण्याची खोली आणि पुढचा उन्हाळा यांवर ठरेल.

रोहूबद्दल तुम्ही फार लिहिलं नाही. त्याच्या लांबलचक आतड्यालगत चरबीच्या पांढऱ्या दोऱ्या थोड्या असणारच, त्या काळजीच्या नाहीत. पावसाळ्याआधी मादीत अंडी भरायला लागली की साठवलेली चरबी यकृतामार्गे अंड्यांकडे वळते आणि या दोऱ्या बारीक होतात. पुढेमागे बीज तयार करायचा विचार असेल तर प्रजननाचे मासे वेगळे ठेवा आणि त्यांना मक्यावर पोसू नका. अतिचरबीच्या मादीकडून चांगली अंडी मिळणं अवघड जातं.

आता चार गोष्टी मोजून लिहा: तळ्याचं क्षेत्रफळ आणि मासे किती, पहाटेचं पाण्याचं तापमान, रोज किती किलो काय टाकता, आणि एकाच दिवशी चिरलेल्या पाच रूपचंदांचं प्रत्येकाचं वजन, पोटातल्या चरबीचं वजन आणि यकृताचा रंग. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालेल. चरबी आतड्यापासून सोलून काढा, आतडं सोबत तोलू नका. आकडे आले की पेंड आणि कोंड्याचं प्रमाण किलोत बसवून देतो.